मोठ्या आजीच्या गोधडीवरच्या रेघा

बाळांनो, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे एक पार्सल निघेल. त्यात तुमच्या नव्या भावासाठी गोधडी आहे. आजीने गोधडीचं कापड आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, असं तुमचे बाबा हसत हसत सांगतील. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. म्हणून त्यांच्याआधी मी लिहून पाठवते आहे, आणि मोठ्या आजीला विचारूनच लिहिते आहे.

मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सौंसरच्या या घरात आता आम्ही दोघीच असतो. मी पांढुर्ण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला सकाळच्या बसने निघायची, तेव्हा तुमच्या बाबांची आंघोळ, जेवण, शाळा सगळं त्यांनी पाहिलं. त्यांना स्वतःचं मूल नाही. घरातल्या प्रत्येक बाळाची गोधडी मी शिवली, पण तिच्यावरच्या रेघा नेहमी त्यांच्या.

सरळ ओळींसाठी आम्ही दोरा गेरूच्या पाण्यात बुडवायचो, दोन टोकं दोघी ताणून धरायचो आणि जाऊबाई मधोमध चिमटीने उचलून सोडायच्या. कापडावर लाल ओळ उमटायची. कोपऱ्यांतल्या संत्र्याच्या डहाळ्या मात्र त्या एकट्या काढायच्या. गडद लुगड्यावर साबणाच्या झिजलेल्या वडीने, फिक्यावर गेरूच्या खड्याने. समोर कागद नाही की छापा नाही. एकदा काढलेली डहाळी पुन्हा तशीच कधी काढली नाही.

यंदाचं कापड पांढरं. गेरूचा डाग कधी कधी धुऊनही राहतो, आणि मला ते खपत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी थोरलीने मागे मला काही पेनं पाठवली होती. कापडावर काढायचं, चुकलं तर पेनाच्या मागच्या टोकाने घासायचं, शिवून झालं की इस्त्री फिरवायची; शाई नाहीशी होते. सोबतचा कागद मी दोनदा वाचला आणि जाऊबाईंच्या हातात पेन दिलं.

"आता या वयात मले पेन धराले लावतं काय, मास्तरीणबाई?" त्या म्हणाल्या. पण घेतलं.

दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की सकाळी तासभर हात शांत असतो. त्या तासात त्या खोलीचं दार लावून बसायच्या. अशा वीस-बावीस सकाळी गेल्या. मग त्यांनी घडी केलेलं कापड माझ्या हाती दिलं. चार कोपऱ्यांत चार डहाळ्या, पानं, फळं. एकही रेघ हललेली नव्हती. ही आपली शेवटची, आता हात ऐकत नाही, असं त्या म्हणाल्या. औषधाने बरं वाटेल, असं काहीतरी म्हणून मी मोकळी झाले.

मग मे महिन्यात त्या चार दिवस रामाकोन्याला भाच्याकडे लग्नाला गेल्या. मी दरवर्षीसारख्या पेट्या रिकाम्या केल्या आणि गोधड्यांना ऊन दाखवायला त्या मागच्या शेडच्या टिनांवर पसरल्या. पेटीचा वास लागू नये म्हणून ते पांढरं कापडही पसरलं. संध्याकाळी खाली काढलं तर ते कोरं होतं. आधी वाटलं, उलटी बाजू वर आली असेल. उलटून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या. वैशाखातलं टिन इस्त्रीपेक्षा कमी तापत नाही. हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण मला कळायला हवं होतं.

आपणच काढून टाकावं, असाही विचार मनात आला. एका कागदावर डहाळी काढून पाहिली. ती शाळेच्या विज्ञानाच्या वहीतल्या आकृतीसारखी आली. जाऊबाईंनी एका नजरेत ओळखलं असतं. आणि पुन्हा काढा, असं त्यांना म्हणायची माझी हिंमत नव्हती.

सकाळी थोरलीला फोन केला. ती म्हणाली, आजी, फ्रीजरमध्ये ठेव. हिवाळ्यात याच पेनाने लिहिलेली माझी वही रात्रभर गाडीत राहिली, तर पुसलेली सगळी गणितं परत आली. आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात जेमतेम दोन वाट्या मावतात. म्हणून कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी.

"मॅडम, हा कोणता फ्लेवर जमवून राहिल्या तुम्ही?" त्याने विचारलं. पण पुढे काही न विचारता त्याने पिशवी फॅमिली पॅकच्या खाली नीट ठेवली.

संध्याकाळी पिशवी घरी आणून कापड उलगडलं. रेघा परत आल्या होत्या, थोड्या फिक्या. पण नुसत्या त्याच नव्हत्या. प्रत्येक पानाभोवती आणखी तीन-चार पानं होती, वाकडी, थरथरलेली, मध्येच तुटलेली. एका देठाच्या मी सहा रेघा मोजल्या. दार लावून त्यांनी काढलेलं आणि घासून पुसलेलं सगळं त्या थंडीने परत आणलं होतं. मला वाटलं होतं, गोळी घेतली की हात शांत होतो. तो किती शांत होतो, ते आता दिसलं.

यातली खरी रेघ कोणती, हे मला ओळखता येईना. अंदाजाने शिवलं असतं तर ती डहाळी माझी झाली असती. म्हणून जाऊबाई परत आल्यावर कापड त्यांच्यासमोर पसरलं आणि टिनापासून फ्रीजरपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी जवळचा कोपरा तळहाताने झाकला.

"हे कोणाले दाखवाचं नव्हतं."

दुकानदाराने पिशवी उघडली नाही, मीच फक्त पाहिलं, असं मी म्हटलं.

"तू पायलं, तेच तं."

चूक माझी आहे, बाई, एवढंच मला म्हणता आलं. त्या जेवल्या आणि पडल्या.

दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. या वेळी दार उघडं होतं. त्या बोट ठेवायच्या, ही. पुढे सरकायच्या, ही नाही. आणि मी बोटाच्या मागोमाग लाल दोऱ्याने कच्चा टाका घालायची. दोन कोपरे असे झाले. तिसऱ्यात त्यांचं बोट एका थरथरलेल्या पानावर थांबलं. हे नाही ना, असं मी विचारलं.

"राहू दे. हेच शिव," त्या म्हणाल्या. "पोराले काय समजते? पान हालून राहिलं तं हवा असन."

मग त्या हसल्या, आणि मलाही हसता आलं.

चौथ्या कोपऱ्यात रेघांची इतकी गर्दी होती की त्यांनाच काही ठरवता येईना. तो सोडून दे, म्हणाल्या. शिवून झाल्यावर त्यांनी विचारलं, इस्त्री फिरवली तर बाकीचं जाईल का? मी खरं ते सांगितलं. जाईल, पण पोरांकडे थंडी फार असते, तिथे परत येऊ शकतं.

"तिकडं येऊ दे," त्या म्हणाल्या. "इथं मले दिसू नये, म्हंजे झालं."

मी त्यांच्यासमोरच इस्त्री फिरवली. गोधडीवर आता मोठ्या आजीच्या तीन डहाळ्या दोऱ्याने शिवलेल्या आहेत, तिसरीतलं एक पान हललेलं आहे, आणि चौथा कोपरा कोरा दिसतो. त्यांच्या बाकीच्या रेघाही त्याच कापडात आहेत.