पल्लवीच्या हाताचा दोष

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला काहून सांगून राहिले — कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत मला मिरचीची डॉक्टरीण म्हणतात. थट्टेनंच, पण म्हणतात. कुणाच्या कुंडीतली फुलं गळली, पानं पिवळी पडली, की फोटो माझ्याकडे. खालची जुनी पानं पिवळी असली तर मी आधी विचारते, पाणी रोज घालता का? मग थांबा जरा, मुळं कुजवाल. पानाच्या कडा वर वळल्या असल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी कीड. माहेरी शेती होती, बापाच्या मागं मागं फिरून शिकले. माझं सहसा चुकत नाही. हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. त्या दिवशी मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही — एवढ्यासाठी सांगते.

माझ्या सासूबाई भिवापूरच्या. गच्चीवर त्यांच्या नऊ कुंड्या होत्या, माहेरच्या मिरचीच्या. दरवर्षी पिकलेल्या मिरच्या वाळवायच्या, त्याच बियांची पुढची रोपं करायची. दुसऱ्या कुणाचं बी घरात येत नसे. धाकटी जाऊ पल्लवी लग्न होऊन आली, आणि पाणी घालायचं काम त्यांनी तिच्याकडे दिलं. माझ्याकडे नाही. मला ते लागलं का? लागलं. पण त्यापायी मी काही केलं, असं नाही. ते कारण सांगता आलं असतं, सोपं गेलं असतं. खरं नाही ते.

झालं एवढंच की घराच्या बाजूला गाजरगवत माजलं होतं, त्यावर मी तणनाशक मारलं. फवारणीचा हातपंप एका मग्ग्यानं विसळला. एका मग्ग्यानं! बापानं पाहिलं असतं तर पंप हिसकून घेतला असता. चार दिवसांनी मिरचीवर मावा दिसला, म्हणून त्याच पंपात निंबोळी तेल भरून नऊही कुंड्यांवर मारलं.

आठवडाभरानं शेंडे पिळवटले. नवी पानं दोऱ्यासारखी बारीक, शिरा एकत्र आलेल्या. पान उलटून पाहिलं — किडा नाही, माशी नाही. रोग आला तर एका कुंडीतून दुसरीत सरकतो. नऊच्या नऊ एकदम होत नाहीत. मी पंप उघडून वास घेतला. तेलाच्या वासाखाली दुसरा वास होता. मला तिथंच कळलं.

सासूबाई वर आल्या. आमच्याकडे तेव्हा एक होतं — पाळीच्या चार दिवसांत बाईनं लोणच्याला, तुळशीला आणि मिरचीच्या झाडाला हात लावायचा नाही. कुणी शिवलं, त्यांनी विचारलं. पल्लवी सरळ पोरगी, तिनंच सांगून टाकलं की पाळीच्या दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं, कुणी पाणी घातलं नव्हतं, म्हणून तिनं घातलं. वर हसून म्हणाली, असं काही नसते आई. आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोलीन म्हणून.

सासूबाईंनीही माझ्याकडेच पाहिलं. "तुले समजते ना वं झाडातलं. सांग, कोकडा आहे का हा?"

पानं आकसायच्या रोगाला आम्ही कोकडा म्हणतो. हो म्हटलं असतं, तर तेही खोटंच झालं असतं, पण कुणाच्या अंगावर गेलं नसतं. एवढंही सुचलं नाही का? सुचलं. पण कोकडा म्हटलं असतं तर त्या औषध मार म्हणाल्या असत्या, पंप आण म्हणाल्या असत्या, आणि तो वास त्यांनाही आला असता.

मी म्हटलं, "कोकडा नाही, आई. हात लागला असन."

झाडं उपटली. बी सगळं पेरलेलं होतं, मागं काही ठेवलं नव्हतं; माहेरचं ते वाण गेलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. फक्त त्यानंतर लोणचं, पापड, कुंड्या — काहीच पल्लवीच्या हाती दिलं नाही. चार दिवसांत नाही, एरवीही नाही. पल्लवी आधी वाद घालायची. मग घालेनाशी झाली. एकदा तिनं लावलेलं गुलाबाचं रोप मेलं. कुंडीला भोक नव्हतं, मी पाहिलं होतं. ती म्हणाली, ताई, माझ्या हातातच काही असन. मी मेथी निवडून राहिले होते. निवडत राहिले.

पुढं ती दोघं मनीषनगरला राहायला गेली. तिथं बाल्कनीत तिनं एक रोप लावलं नाही. सासूबाई गेल्या, त्यालाही दोन वर्षं झाली. मग आता मी भिते कुणाला? कुणाला नाही. तरी सांगितलं नाही. वाईट वाटतं का, विचाराल. आधी वाटायचं. आता नुसतं माहीत असतं.

मागच्या महिन्यात पल्लवीच्या मुलीचा, मृणालचा, फोटो आला. तेरा वर्षांची आहे. शाळेतून मिरचीचं रोप मिळालं होतं, पानं आकसली होती. खाली लिहिलं होतं, "मोठी आई, मी माझ्या चार दिवसांत हात लावला होता. आई म्हणते, म्हणूनच असं झालं, आमच्या हातात दोष आहे. खरं का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. कडा वर वळलेल्या. हाताचा काही संबंध नाही, असं लिहिलं, फुलकिडे आहेत, पान उलटून बघ. पाच मिनिटांत तिला ते दिसले. खूश झाली पोर. मग लिहिलं, "मग आईच्या वेळी काय झालं होतं? तेव्हा तर तूच सांगितलं होतं ना, हात लागला म्हणून?"

मी वाचलं. मी वाचलं हे तिलाही दिसलं असणार. मग मी लिहिलं — एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, दोन थेंब साबण, संध्याकाळी मार.

तिनं "हो" लिहिलं. पुन्हा विचारलं नाही.