पान एकतीसवरची दरी

छापखान्यात दोन गोष्टी साचत जातात, बिघडलेले कागद आणि किस्से. कागद निदान भजेवाला घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून आज मीच गठ्ठा सोडते.

इतवारीतल्या एका गल्लीत आमचा छापखाना होता. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत बी.ए.चा निकाल हातात घेऊन मी तिथे प्रूफं तपासायला लागले. मालक बापूजी, वय साठीच्या पुढे, डोक्यावर काळी टोपी, घाई कशाचीच नाही. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून उरलेल्या वेळात ते दर महिन्याला मुलांसाठी ‘पोलादवीर’ नावाचं कॉमिक काढायचे. दुसऱ्याच महिन्यात मी म्हणाले, “बापूजी, ही गोष्ट तर पाचवीतला मुलगाही लिहील.”

“मंग तू लिव,” बापूजी म्हणाले.

तेव्हापासून मीच लिहीत होते. कव्हरवर मात्र ‘लेखन : बापूजी’ जसंच्या तसं राहिलं. माझा पहिला अंक मी घरी नेला. बाबांनी चष्मा लावून तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला आणि विचारलं, “चांगला आहे. पण यात तुझं नाव कुठे आहे?”

त्या दिवसानंतर मला खुर्चीत धड बसवेना.

*

आता आमचे व्हिलन. मगरेंद्र, घुबडनाथ, नागसम्राट, सगळे प्राणीच. लोकांना वाटे, काय कल्पनाशक्ती! खरं कारण असं की शाळांचे तक्ते छापणारा एक छापखाना बंद पडला, तेव्हा बापूजींनी तिथले चित्रं छापायचे जस्ताचे ब्लॉक खोकाभर उचलून आणले होते. त्यात सगळे प्राणी होते. ब्लॉकचा छाप घ्यायचा, प्राण्याचं मुंडकं कात्रीने कापायचं आणि आमचे आर्टिस्ट देवाजी यांनी काढलेल्या माणसाच्या धडावर चिकटवायचं. झाला व्हिलन तयार. त्यामुळे आमचा व्हिलन शहर जाळो की मार खावो, चेहरा तोच, तक्त्यावरचा, शांत.

देवाजींचं घराणं विणकरांचं. हात बारीक, नजर पक्की. पण मगरेंद्राच्या वेळी त्यांना ताप होता आणि कात्री जरा खाली गेली. अंबाझरी तलावाचं पाणी शहरावर सोडायची धमकी देणारा मगरेंद्र छापून आला, तो हनुवटीखाली ‘म मगरीचा’ अशी अक्षरं घेऊन. बाराच्या बारा चित्रांत.

मी अंक घेऊन ओरडतच बापूजींकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, खाली केला.

“बरं झालं. पोरायले शिकाले बी भेटलं.”

*

त्याच खोक्यात भूगोलाच्या तक्त्यातली एक दरी होती. खोल, काळी, काठावर दोन झाडं. बापूजींचा त्या ब्लॉकवर फार जीव. नियमच होता त्यांचा, बत्तीस पानांचा अंक आणि एकतिसाव्या पानावर व्हिलन दरीत पडलाच पाहिजे. गोष्ट समुद्रात घडो की आकाशात, एकतिसाव्या पानावर दरी.

घुबडनाथ पडला तेव्हा सावनेरच्या एका मुलीचं कार्ड आलं. तिने लिहिलं होतं, “घुबडाला उडता येतं. मग तो दरीत पडून मेला कसा? आणि मारामारी लकडगंजात चालली होती. लकडगंजात दरी कुठे आहे?”

मी ते कार्ड बापूजींसमोर ठेवलं. मनात म्हटलं, आता तरी दरी सुटेल.

बापूजींनी ते दोनदा वाचलं. “पोरगी हुशार हाय,” म्हणाले. “तिले लिव, दिवसा घुबडाले दिसत नाही.”

“आणि लकडगंजातली दरी?”

“घुबडालेच दिसली नाही, तं तिले कुठून दिसन?”

*

नागसम्राट निघाला तो नेमका श्रावणात. आठच दिवसांत सगळे अंक संपले. मी हवेत. देवाजी हवेत. मग अंक विकणारा सांगत आला की घेणाऱ्या जास्त करून बायकाच आहेत. कव्हर कापून देवघरात लावतात, हळद-कुंकू वाहतात.

बापूजींनी लगेच मला बोलावलं. “पुढच्या अंकात नागसम्राट वापस आन. पोलादवीरानं त्याले नमस्कार केला पायजे.”

“हीरो व्हिलनला हात जोडेल?”

“काहून नाही जोडन? आपल्या गिऱ्हाइकिनी जोडून राहिल्या नं.”

त्या दुपारी मी लाल पेन्सिलीची तीन टोकं मोडली. चौथं मोडलं तेव्हा उठले आणि सरळ विचारलं, “बापूजी, गोष्टी मी लिहिते. माझं नाव का नाही?”

ते अजिबात रागावले नाहीत. तेच तर माझ्या अंगावर येई. “पोरीचं नाव कव्हरवर टिकत नाही वं शालू. उद्या तुहं लगन झालं का नाव बदलते. मंग जुने अंक खोटे पडतेत.”

“मग लग्नच करत नाही.”

“असं नको बोलू. तुहे बाबा मले मारतीन.” मग समजावत म्हणाले, “पाय, मेहनत कोनाची बी असो, नाव घरच्या मोठ्याचं लागते. बरं, असं कर. तुहे व्हिलन लय गुळमुळीत हायेत. एक बी असा नाही का ज्याचा मले राग यावा. मले राग येईन असा व्हिलन लिव, मंग पाहू नावाचं.”

आमचे जुळारी रामटेके काका कोपऱ्यात उभे राहून खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत होते. मान वर न करता ते म्हणाले, “बापूजी, तुमाले राग आलेला मी तीस वर्सांत पाह्यला नाही.”

“म्हनून तं म्हनलं,” बापूजी म्हणाले.

*

तोवर खोक्यातले नखं-दातवाले प्राणी संपत आले होते. उरले होते गाय, कोंबडी, गोगलगाय आणि उंट. गाईला बापूजींनी हात लावू दिला नाही. मी चिडून म्हटलं, “मग गोगलगायच घ्या.”

त्यांनी घेतली.

देवाजी डोक्याला हात लावून बसले. “बापूजी, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाले तिले चार पानं लागतीन.”

“लागू दे. चारी पानांवर एकच चित्र. तेवढे ब्लॉक वाचले.”

तो अंक म्हणजे जगातला सगळ्यात हळू दरोडा असेल. एकतिसाव्या पानावर ती दरीत पडायला निघाली आणि बत्तिसाव्यावर अंक संपला, तरी काठावरच होती. बाबांनी तोही अंक शेवटपर्यंत पाहिला. या वेळी काहीच विचारलं नाही. ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी मास्तरकीचा फॉर्म आणून पर्समध्ये ठेवला आणि ठरवलं, उंटाचा अंक शेवटचा.

*

उंटाचा अंक मी तीन दिवसांत लिहिला. उंटेश्वर शहरातले शास्त्रज्ञ पळवून नेतो, वाळवंटात त्यांच्याकडून यंत्रं करून घेतो आणि प्रत्येक यंत्रावर स्वतःचं नाव कोरतो. कोणी बोललं की तो रागावत नाही. शांतपणे म्हणतो, “मेहनत कोणाचीही असो, नाव घरच्या मोठ्याचं लागतं.”

ती ओळ जुळवताना रामटेके काकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढचा खिळा उचलला. देवाजींनी तर मला न विचारताच उंटेश्वराच्या डोक्यावर काळी टोपी काढली.

प्रूफं बापूजींच्या टेबलावर गेली. आम्ही तिघंही कामात असल्यासारखे उभे. मी एकच ओळ सातव्यांदा तपासत होते.

“देवाजी, याले टोपी काहून घातली?”

“ऊन हाय नं बापूजी. वाळवंट.”

“हं.” ते वाचत राहिले. पंधराव्या पानावर त्यांनी टेबलावर हात आपटला. मशीनवाल्याने मशीन थांबवली.

“हा तं पक्का हरामखोर हाय! दुसऱ्याच्या कामावर सोताचं नाव? आन् वरून शहानपना शिकवून राहिला!” कान लाल झालेले. “असा मानूस कुठं पाह्यला वं तू?”

“कॉलेजात,” मी म्हणाले. “एक सर होते.”

“मले भेटव त्या सराले एकदा.” पुढची पानं त्यांनी भराभर उलटली. “नुसता दरीत टाकून नाही भागनार. याले सजा पायजे. काय देता, रामटेके?”

रामटेके काका बापूजींच्या टोपीकडे न पाहता म्हणाले, “ज्याचं काम, त्याचं नाव. याच्याच हातानं लिवून घ्या. भर चौकात.”

“बरोबर! लिव शालू. उंटेश्वर एकेका यंत्रावरचं आपलं नाव खरडून काहाडते आन् ज्याचं त्याचं नाव लिवते. पाहाले अख्खं गाव जमा होते.”

मी लिहिलं.

“आन् मंग?” त्यांनी विचारलं.

“मग सोडून देऊ त्याला,” मी म्हणाले. “त्याने लिहिलं ना.”

“नाही. मंग दरीत.”

“का पण?”

“एकतीस नंबरचं पान हाय नं.”

तेवढ्यात रामटेके काकांनी खिळे जुळवायची पट्टी त्यांच्यासमोर धरली. “बापूजी, कव्हर तेवढं तुमी जुळवा. माहा चष्मा घरी राहिला.”

चष्मा काकांच्या नाकावर होता. बापूजींनी तो पाहिला, पट्टी घेतली आणि खिळ्यांचे खण ठेवलेल्या घोडीसमोर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी पर्समधला फॉर्म चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा कव्हरं वाळत पडली होती. वर टोपीवाला उंटेश्वर. त्याखाली, फक्त पोलादवीराच्या नावासाठी राखलेल्या सगळ्यात मोठ्या खिळ्यांत, ‘लेखन : शालिनी महादेवराव उमरेडकर’.

आणि अगदी तळाशी, बिलबुकाच्या नियम-अटींना वापरतात त्या बारीक खिळ्यांत, ‘दरी : बापूजी’.