नवलचा जळगावचा फ्लॅट

आमचा नवल वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झाला, तेव्हा फंडाच्या पैशांचं काय करायचं यावर सगळ्या गावानं त्याला सल्ला दिला. मीही दिला, म्हशी घे म्हणून. त्यानं कुणाचंच ऐकलं नाही. जळगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, भाड्यानं दिला आणि धुळ्याजवळच्या आमच्या गावी येऊन बापाची कोरडवाहू शेती करू लागला. "म्हातारपणी बसल्या जागी भाडं येईल," म्हणाला. तसं ते पहिलं वर्षभर आलंही.

भाडेकरू होता तेजस, पाइपांच्या कारखान्यातला फिटर, आणि त्याची बायको सुलक्षणा. एकदा आखाजीच्या तोंडावर नवल आणि त्याची कमलबाई भाडं घ्यायला गेले. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकींचा सण. लेकी माहेरी येणार, झोके बांधणार, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खाणार. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका माहेरी गेलेल्या आणि ही सुलक्षणा एकटीच गॅलरीत उभी. आईवडील वारलेले. भाऊ सुरतेला, पण आपल्याला बहीण आहे हे त्याला राखीलाही आठवत नाही. कमलबाईनं तिची पिशवी स्वतःच्या हातानं भरली.

"चाल मनी बाई, आम्हना घर. आते मीच तुनी माय."

झालं! त्या दिवसापासून सुलक्षणा नवलची लेक. आणि आमच्याकडचे जुने लोक लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, तिथं भाडं कुठून घेणार? तेजस पैसे पुढे करायचा, नवल हात मागे घ्यायचा. वर लेकीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शेंगा, तूरडाळ, लोणच्याची बरणी घेऊन जिने चढायचा. नळ गळला, नवलनं बदलला. रंग उडाला, नवलनं दिला. भाडेकरू मजेत आणि मालकच दर महिन्याला खर्चात, असं घर मी दुसरं पाहिलं नाही.

गावात कुणी विचारलं, "नवल, विकत का नाहीस?" तर हा गंभीर चेहरा करून सांगायचा, "तिकडून मोठा रस्ता जाणार आहे. भाव वाढेल. जरा थांबतो." रस्ता झाला, भाव होता तिथंच. मग म्हणाला, पूल होईल. मग म्हणाला, मोठी शाळा येईल.

अशात यंदा जीवरामनं नवलच्या बांधाला लागून असलेलं शेत विकायला काढलं. विहिरीसकट! त्या विहिरीला भर उन्हाळ्यातही पाणी. नवल जन्मभर मशिनीपुढे उभा राहिला, पण डोळ्यांपुढे असायचं ते ओलिताचं शेत. जीवरामनं त्याला आखाजीपर्यंतची मुदत देऊन स्पष्ट सांगितलं, "आखाजीलोंग तुनी वाट देखसू. मंग धुळानं गिऱ्हाईक उभं शे."

फ्लॅट विकला तरच शेत मिळणार. मी नवलच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"इकी टाक ना भो!"

"भाव नही शे."

आतून कमलबाई कडाडली, "भाव कसाना! पोरले घर खाली कर सांगाले जीभ उचलत नही, हाई सांगा ना त्यास्ले!"

नवल आपल्याच पायांकडे पाहत हळूच म्हणाला, "तूच सांग. लेकीला घराबाहेर काढू, आणि आखाजीला बोलवू कोणत्या तोंडानं?"

म्हणजे रस्ता, पूल, शाळा सगळ्या सबबी! मला इतकं हसू आलं, की ठसका लागला आणि कमलबाईनं पाणी आणून दिलं.

आखाजीला सुलक्षणा आणि तेजस आले. पंगतीला मीही होतो. आमरस असला की मी असतोच. जीवरामही उत्तर घ्यायला येऊन बसला. नवल ताटातली पोळी नुसती कुस्करत बसला.

"आबा, जेवत का नाही?" सुलक्षणानं विचारलं.

नवल खुणा करत राहिला, पण कमलबाईनं विहीर, शेत, फ्लॅट सगळं सांगून टाकलं. पोरगी पदर तोंडाला लावून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आबा, यांचा कारखाना जळगावच्या पार दुसऱ्या टोकाला. जाता-येता जीव जातो. आम्ही कधीचं तिकडे घर बघून ठेवलंय."

"मग गेला का नाहीत?"

"तुमचं घर सोडलं, तर आखाजीला बोलावणं कुणाचं येणार?"

तेजस म्हणाला, "आणि तुम्ही भाडं घेत नाही, म्हणून मित्र मला घरजावई म्हणतात, आबा!"

कमलबाईनं सुलक्षणाच्या पाठीत एक धपाटा घातला. "येडी कुठली! माय काय भाडानी शे का?"

"ते बठ्ठं ठीक शे," जीवराम वाटी पुढे करत म्हणाला, "पन मना वावरनं काय?"

"घेतलं!" नवल ओरडला, आणि त्यानं लागोपाठ पोळ्या हाणल्या.

फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं. भाव, घेतला होता त्याहून थोडा बरा, फार नाही. सही करायच्या आधी मी त्याला टोचलं, "अन् पुढच्या वर्षी वाढला तर?"

"वाढू दे ना भो. घेनारानं भी भलं व्हऊ दे."

विहीर आता नवलची आहे. पहिल्यांदा मोटर सुरू केली, पाटात पाणी आलं, तर हा पांढऱ्या केसांचा गडी पँट गुडघ्यांपर्यंत गुंडाळून पाण्यात उभाच राहिला, निघेना. आता दोघांचं रोज भांडण. तो म्हणतो केळी लावू, कमलबाई म्हणते भरिताची वांगी. मी मध्ये पडत नाही. काहीही लावलं तरी पहिली टोपली माझ्याच घरी येणार आहे.