रापणीची दोरी आणि आमची हाडं

आमच्या घरात हाडं नाजूक. आईचं मनगट दोनदा मोडलं, माझं एकदा. गेल्या वर्षी मुलगी सतराव्या वर्षी सायकलवरून पडली आणि तिचंही मोडलं, तेव्हा हे दुखणं मीच तिला दिलं असं मनाने घेतलं.

तिचा हात बरा झाला, तरी मी तिला रापणीला जाऊ देईना. आमच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना जो दोरीला हात लावील, त्याला माशांचा वाटा मिळतो. लहानपणापासून तिला त्याचं वेड. मी सांगितलं, "डॉक्टरान नको म्हणान सांगल्यान." डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते. वर्षभर ती पुळणीवर बसून दुसऱ्यांना ओढताना बघत राहिली.

परवा आईच्या हाडांची घनता तपासायला तिघं कणकवलीला गेलो. ती कमीच निघाली. डॉक्टरीणबाईंनी घरातली सगळी मोडतोड विचारून घेतली.

"घनता बरीचशी आईवडिलांकडून येते," त्या म्हणाल्या. "पण ते एकाच जनुकाचं काम नाही. पुष्कळ बारीक फरक एकत्र येतात, आणि त्यातले कुठले कोणात उतरतील ते सांगता येत नाही. या वयात मात्र हाडांना जोर पडला तर ती चांगली भरतात. ही काय करते?"

"काहीच नाही," मुलगी म्हणाली. "रापण ओढायची, पण डॉक्टरांनी मना केलं."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"कोणीच नाही. मी खोटं बोललो."

आईने माझ्याकडे पाहिलं. "झिला, हाडां माझी. पण ही भिती खंयसून इली?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मुलगी हसली नाही. गाडीतून उतरताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या रापण आसा. तुमीव येवा."

सकाळी ती दोरीला पुढे, मी तिच्या मागे. मागे मागे सरत सगळ्यांनी ओढलं आणि जाळं तारली मासळीने चमचमत वर आलं. वाटे करणाऱ्या म्हाताऱ्याने तिच्यापुढे पुरा वाटा ओतला, माझ्यापुढे अर्धा.

"माका अर्धो कित्याक?"

"तुमी ओढलास खंय? चेडवाचो हात बघित होतास."

खरंच, माझं लक्ष लेकीच्या हाताकडेच होतं. मुलगी खळखळून हसली. वर्षानंतर ती मला हसत होती. मी तो अर्धा वाटा आनंदाने घेतला.