आवसेच्या रात्री वेस्टा

मला आकाशातलं किती कळतं, असं मुलं जेवताना हटकून विचारतात. मी खरं ते सांगते: माझा पहिला ताऱ्यांचा नकाशा मीच शेणाच्या सड्यानं धुऊन टाकला.

लढाई चालू होती. नवरा पलटणीत, मी उंब्रजला सासरी आणि मॅट्रिकची पुस्तकं ट्रंकेत. सांगलीहून भावानं वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. वेस्टा नावाचा मोठा लघुग्रह सूर्याच्या बरोबर समोर येणार होता. सूर्य मावळताना तो उगवणार, रात्रभर दिसणार, शिवाय जवळ आल्यानं जास्त उजळ. बघायचं ते याच दिवसांत, चांदणं नसताना. चुकलं की जवळजवळ दीड वर्ष थांबायचं.

मी सासऱ्यांकडे त्यांच्या जुन्या पलटणीतली दुर्बीण मागितली.

"आवसंपातुर दाव," ते हसून म्हणाले. "न्हाई दावलंस तर पुस्तकं माळ्यावर. परीक्षा बास."

"आन दावलं तर?"

"तर बस परीक्षेला."

लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो, फक्त रोज थोडा सरकतो. म्हणून पहिल्या रात्री कात्रणात दिलेल्या जागी दुर्बीण लावली आणि दिसले ते तारे अंगणात रांगोळीच्या ठिपक्यांनी मांडले. पहाटे उठले आणि सवयीनं सडा टाकला. सासूबाई म्हणाल्या, "आज आंगण लय झ्याक झालंय." मी बादली टाकून ठिपके शोधत बसले.

दुसऱ्या रात्री जेवायचा पाट उलटा करून कोळशानं ठिपके काढले. मग दोन रात्री ढग. उरली आवस.

सासूबाई दारात आडव्या. "आवसंला नवी सून उंबऱ्याभाईर? कदी ऐकलंय का?"

"आवं आत्याबाई, आज चंद्र नसतो, म्हनूनच तर."

"मग चंद्र आल्यावर बघ की!"

"तवा पुस्तकं माळ्यावर असतील."

त्यांच्या हाताखालून मी बाहेर पडले. भुताची भीती मलाही होती. रामाचं नाव घेत होते, पण पाऊल मागं घेतलं नाही. दुर्बीण लावली. पाटावर शेजाऱ्याला चिकटून असलेला एक ठिपका आकाशात त्याला सोडून चांगला लांब गेला होता!

सासऱ्यांनी बराच वेळ बघितलं. "मला समदी सारखीच दिसत्यात. पुस्तकं वर ठेव."

"मामंजी, दिसत न्हाई ते तुमच्या डोळ्याला. मी दावलंय. परीक्षेला मी बसनार!"

आवाज एवढा चढला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सासऱ्यांपुढं असं बोलणं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं, मीही नाही.

तेवढ्यात सासूबाई उंबरा ओलांडून अंगणात आल्या. दुर्बीण आधी उलटी धरली, मग सुलटी. कंदिलाशी पाट बघितला, परत वर बघितलं.

"आवं, ह्यो कडंचा सरकलाय की! तुमाला दावणीतली म्हस सुटली तरी दिसत न्हाई, ह्ये काय दिसनार?"

सासऱ्यांनी दुर्बीण धोतराच्या सोग्यानं पुसली, कातडी पेटीत घातली, पट्टा आवळला.

"फारम कवा भरायचा?" त्यांनी विचारलं.