एकशे तेरावं मत

ओडिला बोनाचीनी टेबलामागे बसली की समोरचा माणूस आपोआप ताठ उभा राहतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची काटक बाई, केस मागे घट्ट ओढलेले, पुढ्यात मतदारांची वही आणि पत्र्याचा डबा. तिच्या हयातीत पक्षाने तीनदा नाव बदललं, भिंतीवरचं चिन्ह बदललं, पक्षाच्या वास्तूतल्या, म्हणजे लोकघरातल्या, बारचं कॉफीचं यंत्रसुद्धा बदललं. ओडिलाला मात्र कुणी बदललं नाही. तशी छाती होती कुणाची?

पूर्वी पक्षाचा नेता रोममध्ये बंद दारांआड ठरायचा आणि आम्हाला तो सकाळच्या पेपरात भेटायचा. मग वरच्यांना एकाएकी लोकशाहीचा उमाळा आला. सभासद असो नसो, रविवारी या, ओळखपत्र दाखवा, वहीत सही करा, डब्यात नाणं टाका आणि नेता निवडा. पहिल्या वेळी एक युरो होता, पुढे दोन झाले. गावात कुरकुर झालीच. बारमध्ये पत्ते कुटणारे म्हणायचे, "नेता यांचा, कपाळ आमचं, आणि वर तिकीटही आम्हीच काढायचं!" पण रविवारी तेच लोक धुतलेली कॉलर घालून रांगेत उभे असायचे.

ओडिलाचा एक नियम होता. ज्याचं मत, त्याचंच नाणं. बायकोने नवऱ्याचं टाकायचं नाही, मुलाने आईचं नाही. हा नियम तिने नेरिओमामाकडून घेतला होता.

नेरिओ ग्वाल्दी तिच्या आईचा भाऊ. ओडिला सतरा वर्षांची असताना त्याने तिला सायकलवर घालून दारोदार वर्गणी गोळा करायला शिकवलं. एका घरी शेजाऱ्याने शेजाऱ्याची वर्गणी पुढे केली, तर मामाने ती परत केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "पोरी, दुसऱ्याच्या पैशावर आलेलं मत दुसऱ्याचंच असतं. जमीनदार असंच विकत घ्यायचे आम्हाला. लक्षात ठेव." तिने ते जन्मभर लक्षात ठेवलं, आणि तिथेच तिचा घात झाला.

मामाच्या कोटाच्या वरच्या खिशात कायम एक पेन्सिलीचा तुकडा असे. मतदानाची पेन्सिल आमच्याकडे वेगळी असते. ओली केली की जांभळी उमटते आणि मग काही केल्या पुसली जात नाही. जुनी माणसं ती जिभेवर ओली करायची, त्यामुळे निवडणुकीच्या दिवशी अर्ध्या गावाचे ओठ जांभळे दिसायचे. मामाने पहिल्यांदा मत दिलं ते युद्ध संपल्यावर, एकविसाव्या वर्षी. त्या दिवशी पेन्सिल परत करायची तो विसरला, असं तो सांगे. ढापली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नाणं टाकून नेता निवडायची पहिली वेळ आली तेव्हा तो ब्याऐंशीचा होता. ऑक्टोबर महिना, संध्याकाळचे पावणेआठ, बाहेर धुकं. आठला मतदान संपणार. मामा आला, टोपी काढून टेबलासमोर उभा राहिला.

"एक युरो, मामा," ओडिला म्हणाली.

"कशाचा?"

"मताचा. सगळ्यांनाच आहे."

"मताचा?" मामाचा आवाज चढला. "माझ्या बापाने मतासाठी एरंडेल प्यायलं काळ्या डगल्यांच्या फॅसिस्टांच्या हातून. मी बंदूक घेऊन डोंगरात दोन हिवाळे काढले. आणि आता तू माझ्याकडे पैसे मागतेस, ओडिला?"

मागे रांगेत चारपाच माणसं होती. कुणीतरी म्हणालं, "राहू दे गं, मी टाकतो त्याचं." ओडिलाच्या स्वतःच्या पाकिटात सुटे होते. नुसतं मनगट वळवलं असतं तरी भागलं असतं.

"ज्याचं मत त्याचंच नाणं," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

मामाने खिशातून ती पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "ही घे. हिची किंमत तुझ्या डब्यापेक्षा जास्त आहे." आणि टोपी घालून तो धुक्यात निघून गेला.

घर कालव्यापलीकडे, दहा मिनिटांवर. मामा तीन तासांनी पोचला. धुक्यात वाट चुकून की रागाने, बांधावर बसून राहिला होता. न्यूमोनिया झाला. अकराव्या दिवशी ओडिला इस्पितळात गेली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि एकच विचारलं, "मतं किती झाली?"

"एकशे बारा."

"तेरा झाली असती," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादा साधा हिशेब सांगावा तसा बोलला. संध्याकाळी तो गेला.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. सगळे तेच म्हणाले. ओडिलाने मान डोलावली आणि पेन्सिल चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. त्यानंतर दर वेळी, नेता निवडायचा रविवार आला की, पावणेआठच्या सुमाराला तिला रांगेच्या शेवटी टोपी दिसे. दाराकडे नजर टाकली की नसे. मामाच्या चिरुटाचा वास यायचा, लोकघरात कुणाला ओढायची परवानगी नसताना. ती कुणाशी बोलली नाही. देवाधर्माला न मानणारी बाई, भुताचं कुठल्या तोंडाने सांगणार?

या फेब्रुवारीच्या रविवारी पुन्हा तसंच धुकं होतं. मदतीला मिर्को होता, औषधाच्या दुकानातला, चाळिशीतला शांत माणूस. दिवसभरात एकसष्ट माणसं आली. गाव म्हातारं झालं, मेलं, उरलेलं रुसलं. साडेसातनंतर कुणी फिरकलं नाही.

"मावशी, कॉफी आणतो," मिर्को म्हणाला आणि पुढे बारमध्ये गेला.

ओडिला एकटी उरली. काचांना धुकं चिकटलं होतं. चिरुटाचा वास आला. तिने मान वर केली नाही, कारण वर केली की तो जातो हे तिला माहीत होतं. नुसत्या कोटाच्या बाह्या दिसल्या, टेबलाच्या कडेला टेकलेले ते गाठाळ हात. या खेपेला हात हलले नाहीत. किती वेळ ते तसेच होते कुणास ठाऊक.

"मावशी! अहो मावशी!" मिर्को तिचा खांदा हलवत होता. "डोळा लागला का? आठ वाजले. कॉफी गार झाली."

"डोळा कसला लागतोय. दार लाव."

मिर्को तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने कागदी रुमाल पुढे केला. "तोंड पुसा जरा."

"माझं तोंड माझं मी बघेन. मतपेटी उघड."

वहीत एकसष्ट सह्या होत्या. मतपत्रिका निघाल्या बासष्ट. ओडिलाने पुन्हा मोजल्या. तरी बासष्टच. एकसष्ट पत्रिकांवर टेबलावरच्या निळ्या बॉलपेनची फुली होती. एकीवर फुली जांभळी होती, जाड, अजून ओलसर.

ओडिलाला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली आनंदासारखं काहीतरी होतं, त्याची तिला लाज वाटली.

"फाडून टाका," मिर्को हळूच म्हणाला. "एका मताने काय होतंय? जिल्ह्याच्या ऑफिसला कळलं तर आधीच टपलेत ते तुम्हाला घरी बसवायला. म्हातारी घोळ घालते म्हणतील."

खरं होतं ते. आणि नियमही तेच सांगत होता: सहीशिवायची पत्रिका बाद. गेल्या साठ वर्षांत कधीही ओडिलाला विचारलं असतं तर तिने डोळे मिटून हेच सांगितलं असतं.

ती पत्रिका हातात धरून बसली. एकदा त्याला दारातून परत पाठवला होता. आता पेटीतून काढून पुन्हा पाठवायचा?

तिने पाकीट उघडलं, दोन युरोचं नाणं काढलं आणि डब्यात टाकलं. दुसऱ्याच्या मतासाठी, आयुष्यात पहिल्यांदा. मग वही ओढून बासष्टाव्या ओळीत लिहिलं: ग्वाल्दी, नेरिओ. सहीच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, पूर्ण, वाचता येईल असं.

"मावशी," मिर्को म्हणाला, "मामा वारलेत."

"तू मला सांगतोस? मीच मारलाय त्याला. लिही, बासष्ट. आणि कागद आजच पाठव."

मिर्कोने लिहिलं. निघताना त्याने तिला कोट घालायला मदत केली, जे तो कधी करत नसे, आणि कालव्यापलीकडे दारापर्यंत सोडायला आला. उद्या फोन येणार, टेबल जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी ओडिलाने मोरीतला दिवा लावला आणि आरशात पाहिलं.

ओठ जांभळे होते. खालच्या ओठाच्या मधोमध गडद, कडेला फिकट होत गेलेले. तिने जीभ बाहेर काढली. जिभेवरही तोच डाग होता.

चष्म्याच्या डबीत पेन्सिल होती, पण उलट्या बाजूने ठेवलेली, टोक ओलं. केव्हा काढली, केव्हा लिहिलं, काही म्हणजे काही आठवेना. मिर्कोने पाहिलं होतं, म्हणून तो रुमाल. पोराने सगळं पाहिलं आणि तिला तिचं ठरवू दिलं.

घाबरायला हवं होतं. डोकं जायला लागलंय, उद्या डॉक्टरकडे जायला हवं, हेही तिला कळत होतं. पण सतरा वर्षांच्या पोरीसारखी जीभ काढून ती आरशासमोर उभी होती आणि रडत होती, हसतही होती. नळाकडे हात गेला, तो तिने मागे घेतला.

"एकशे तेरा, मामा," ती म्हणाली.