डेल्मरच्या नावाचे सहा बार

हार्लन प्रुइटचं भाषण ऐकलेलं नाही, असा माणूस बेल फोर्क गावात शोधून सापडायचा नाही. उभा जन्म त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. इंजिनाखाली पाठीवर पडून राहणाऱ्या माणसाला बोलायला कोणी भेटत नाही, त्यामुळे सगळं बोलणं साठत गेलं असावं. निवृत्त झाल्यावर ते बाहेर पडलं. विषय एकच, अस्सल काय आणि नक्कल काय.

निमित्त होतं एका रिव्हॉल्व्हरचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातलं, कोल्ट कंपनीचं, 'नेव्ही' म्हणतात ते. हार्लन त्याला 'म्हातारी' म्हणायचा. त्याची बायको ड्रेमा म्हणायची, "माझं वय विचारलंस तर आठवत नाही, तिचं मात्र महिन्यासकट पाठ आहे." म्हातारीच्या सिलिंडरवर कोरलेली जहाजं झिजून नुसत्या रेघा उरल्या होत्या, लाकडी मूठ हाताळून काळी गुळगुळीत झाली होती, आणि घोडा मागे ओढला की असा खोल, ओला आवाज यायचा की ऐकणारा क्षणभर गप्प बसायचा. हार्लन मात्र गप्प बसायचा नाही. तो तिथूनच सुरू व्हायचा.

त्याचा जुना दोस्त डेल्मर कूप याच्याकडे होती तिचीच नक्कल, इटलीत बनलेली. डेल्मर तिला 'पोरगी' म्हणायचा. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जुनी हत्यारं चालवणाऱ्या क्लबची मंडळी कूपच्या कुरणामागच्या मैदानावर जमत. मग हार्लनच्या पिकअपची मागची फळी पाडून तिच्यावर म्हातारी आणि पोरगी शेजारी शेजारी ठेवायच्या आणि तुलना चालायची. वर्षानुवर्षं हाच खेळ.

"ही मूठ बघ," हार्लन म्हणायचा. "कशी निमुळती आहे. तुझ्या इटलीवाल्यांनी फावड्याचा दांडा बसवलाय."

"माझा हातही फावड्याचाच आहे," डेल्मर म्हणायचा. "आणि माझी नेम धरते. तुझी तर सूर्य मावळतो तिकडे गोळी टाकते."

"तिने युद्ध बघितलंय, लेका."

"बघितलं असेल. लागलं कोणाला नसेल."

मंडळी हसायची, हार्लनही हसायचा. पण एक गोष्ट तो भाषणात कधी सांगत नसे. म्हातारी पहिल्यांदा डेल्मरने पाहिली होती. रँडलच्या शेतावरच्या लिलावात, घोड्यांच्या जुन्या खोगिरांखाली, गंजक्या नालांच्या पेटीत. त्या वर्षी त्याच्या घराचं छप्पर गेलं होतं. तो हार्लनकडे आला आणि म्हणाला, "मला नाही जमायचं या वर्षी. तू तरी घे, म्हणजे डोळ्यांसमोर राहील." हार्लनने घेतली. डोळ्यांसमोर राहिली खरी, पण डेल्मरच्या हातात कधी आली नाही.

तशी वेळ एकदा आली होती, गेल्या ऑक्टोबरमध्ये. सेंट लुईसहून दोन पाहुणे आले होते, हार्लनचं भाषण रंगात होतं. ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या टोप्या लावून त्याने सहा बार उडवून दाखवले, धूर पसरला, पाहुणे माना डोलावत होते. तेवढ्यात डेल्मर पुढे आला. दोन्ही हात पँटला घासून पुसले आणि म्हणाला, "हार्लन, आज एकदा मला भरू दे की. एकच फेरी."

एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदा मागितलं होतं. हार्लनच्या तोंडात मात्र भाषणच भरलेलं होतं. तो म्हणाला, "नको रे बाबा. खेळण्यावर बसलेला हात आहे तुझा. मोडशील हिला."

पाहुणे खो खो हसले. डेल्मरही हसला. मग त्याने हार्लनला सामान आवरायला मदत केली, बंदुकीच्या दारूची कुपी त्याच्या हातात दिली आणि आपला घरी गेला.

त्याला पोटाचा आजार असल्याचं उन्हाळ्यातच कळलं होतं, हे हार्लनला नाताळच्या आसपास समजलं. त्या दिवसापासून ते वाक्य त्याच्या मागे लागलं. ट्रकमध्ये, जेवताना, चर्चमध्ये. दवाखान्यात तो अनेकदा गेला. दर वेळी ठरवून जायचा की आज सांगायचं, 'बरा झालास की म्हातारी तुझी, हवी तेवढी चालव.' आणि दर वेळी हवामानावर बोलून परत यायचा. बसच्या इंजिनाखाली पडून आयुष्यभर शिव्या घालत आलेल्या माणसाला एक साधी माफी मागता येऊ नये, याचीच त्याला लाज वाटायची. मार्चमध्ये डेल्मर गेला.

क्लबची एक रीत आहे. सभासद गेला की त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राने गेलेल्याच्याच रिव्हॉल्व्हरने कबरीशी सहा बार काढायचे, सावकाश, प्रत्येक बारानंतर आवाज डोंगरात विरेपर्यंत थांबून. डेल्मरसाठी हार्लनच, यात प्रश्नच नव्हता. डेल्मरची बायको ओपल पोरगी कापडात गुंडाळून घेऊन आली, तेव्हा हार्लनने ती परत तिच्या हातात ठेवली.

"ओपल, डेल्मरसाठी नक्कल नको. मी म्हातारी आणतो."

ओपलचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात घट्ट धरला. हार्लनला वाटलं, झालं, आता फिटेल. जिवंतपणी जे दिलं नाही ते निदान मातीला तरी देता येईल. आदल्या दिवशी दुपारभर तो म्हातारीला पुसत बसला. तेल पाजलं, पुन्हा पुसलं, पुन्हा पाजलं. झिजलेली जहाजंसुद्धा चमकायला लागली.

आता, या जुन्या बनावटीला काडतूस नसतं. सहा खणांत मोजून दारू ओतायची, सलामीचा बार असेल तर गोळीऐवजी वर रव्याचा थर दाबून बसवायचा, चरबी फासायची, आणि मागच्या बारीक नळ्यांवर तांब्याच्या टोप्या लावायच्या. पण त्याआधी एक काम असतं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर नुसत्या टोप्या उडवायच्या, म्हणजे नळ्यांत साचलेलं तेल जळून जातं. हे क्लबात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला हार्लननेच शिकवलेलं. "आधी टोप्या, मग दारू," असं तो बोट नाचवून सांगायचा.

त्या सकाळी ते त्याच्या लक्षात नव्हतं असं नाही. पण टोप्या उडवल्या की मागच्या बाजूला काळे डाग पडतात. दुपारभर पुसलेली म्हातारी, सगळं गाव बघणार. राहू दे, एवढ्याने काय होतंय, असं म्हणून त्याने घरीच दारू भरली आणि म्हातारीचा डबा बंद केला.

दफनभूमीत वारा होता. पाद्र्यांचं बोलून झालं. क्लबचा अध्यक्ष क्लिफ्टन, गावचा न्हावी, याने डोक्यावरची टोपी काढून हार्लनकडे पाहिलं. हार्लन पुढे झाला, टोप्या लावल्या, हात आभाळाकडे उंचावला आणि चाप ओढला.

फट्.

दिवाळीत पोरं टिकल्या फोडतात ना, तेवढाच आवाज. बार नाही, धूर नाही. लोकांना वाटलं सुरुवातीची काही रीत असेल. हार्लनने घोडा ओढला. पुन्हा फट्. तिसऱ्या वेळी त्याला कळून चुकलं की आत सगळी दारू तेलात भिजली आहे, सहाही खण गेले. तरी तो थांबला नाही. थांबला असता तर वळून लोकांकडे बघावं लागलं असतं. म्हणून त्याने उरलेल्याही टोप्या उडवल्या, एकेक, आणि रीतीप्रमाणे मध्ये थांबलाही. डोंगरातून काहीच परत आलं नाही. मागे कोणाचं तरी पोर हसलं आणि त्याच्या आईने त्याला चूप केलं.

क्लिफ्टन जवळ आला. हळूच म्हणाला, "आधी टोप्या उडवल्या होत्यास ना रे?"

हार्लनने मान हलवली. हो की नाही, ते क्लिफ्टनने विचारलं नाही.

डेल्मरच्या मुलीकडे, जनेलकडे, पिशवीत पोरगी होती. "काका, बाबांची आहे ती चालेल का?" असं तिने क्लिफ्टनला विचारलं. क्लिफ्टनने तिथेच, शवपेटीपासून हातभर अंतरावर, ती भरायला घेतली. कुपी हार्लनची होती, ती हार्लनलाच पुढे करावी लागली. वाऱ्याने रवा उडत होता. गाव थंडीत ताटकळत उभं होतं आणि हार्लन मधोमध, चकचकीत म्हातारी हातात घेऊन, ती कुठे ठेवावी हे न सुचून. त्याचे कान तापले होते. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं त्याला वाटत होतं, आणि जमीन तर समोर उघडीच होती.

मग बार झाले. दणदणीत. चौथ्याला फुटकी टोपी आत अडकली, क्लिफ्टनने चाकूच्या टोकाने ती काढली आणि पुढचे दोन काढले. पांढरा धूर कबरीवरून ओपलच्या अंगावर गेला. तिने तो चुकवला नाही.

चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण मांडलं होतं. हॅम, साईत भाजलेले बटाटे, घेवड्याची भाजी, लाल जेली. हार्लनला पळूनच जायचं होतं, पण ड्रेमाने बाही धरली. "पळालास तर उद्या जास्त बोलतील. बस आणि खा." तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. त्या मंडळींनी टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. मारला नाही, म्हणजे कीव करत होते.

ओपल हातात ॲपल पायच्या बश्या घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

"ओपल, मी..." हार्लन म्हणाला.

"गप्प बस. माणसाचं होतं असं कधी कधी. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि का नाही ते सांगू? तू त्याला जिवंतपणी दिलंस म्हणून."

हार्लनने तिच्याकडे पाहिलं.

"ऑक्टोबरमध्ये रे. तो शनिवार. घरी आला तो दारातूनच, 'ओपल, हार्लनने आज म्हातारी चालवू दिली. पूर्ण सहा बार.' नुसता फुलला होता. जेवतानाही तेच." तिने काटा उचलला आणि परत ठेवला. "खरं सांगू? मला तू कधी आवडला नाहीस. मी त्याला म्हणायचे, ते रिव्हॉल्व्हर तू दाखवलंस आणि मिरवतो तो, कधी हात तरी लावू देतो का तुला? त्या दिवसापासून मी तुला नावं ठेवणं सोडलं. म्हटलं, चुकलं माझं. आहे माणूस."

तळघरात भांड्यांचा आवाज चालू होता. हार्लनला सगळं एकदम समजलं. त्या संध्याकाळी हसून सामान आवरणारा डेल्मर घरी गेला होता आणि बायकोशी खोटं बोलला होता. स्वतःसाठी नव्हे. हार्लनची लाज हार्लनला वाटायच्या आधी त्याने झाकली होती.

"किती लागले होते रे?" ओपल विचारत होती. "मला म्हणाला पाच निशाणाच्या काळ्यात गेले. बढाई मारत असणार."

आता बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की डेल्मर खोटारडा ठरणार होता, तोही मातीत जाऊन तासभर झालेला. निदान हार्लनने स्वतःला तसं सांगितलं. आपण भितो आहोत हेही त्याला त्याच वेळी कळत होतं.

"सहा," तो म्हणाला. "सहाच्या सहा."

"जनेल!" ओपलने हाक मारली. "इकडे ये गं. बाबांनी म्हातारी चालवली ना, ते काका सांगतायत. सहा लागले होते!"

जनेल खुर्ची ओढून बसली. रडून तिचं नाक लाल झालं होतं. क्लिफ्टनही कॉफीचा पेला घेऊन मागे येऊन उभा राहिला. क्लिफ्टन त्या शनिवारी मैदानावर होता. हार्लनने त्याच्याकडे पाहिलं, क्लिफ्टनने कॉफीत पाहिलं.

मग हार्लनने सांगितलं. डेल्मरने आधी दोन्ही हात पँटला कसे पुसले, इथपर्यंत ते खरं होतं. पुढे त्याने म्हातारी कशी उचलली, मूठ हातात लहान पडते म्हणून कसा कुरकुरला, एक डोळा मिटून किती वेळ नेम धरला. सांगताना हार्लनला ते दिसायला लागलं. काय सोपं होतं ते. उचलून हातात द्यायचं, एवढंच.

"आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना?" जनेलने विचारलं.

त्या दिवशी आपण काय म्हणालो, हे हार्लनला शब्द न् शब्द पाठ होतं.

"म्हटलं," तो म्हणाला, "पुन्हा भर."

जनेल टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. ओपलने डोळे पुसले, उठली, आणि हार्लनच्या बशीत ॲपल पायचा आणखी एक मोठा तुकडा वाढला. सगळे बघत होते, म्हणून तो त्याला खावा लागला.